जुन्या गाडीचा एसी उजवीकडे गार, डावीकडे कोमट: गॅस भरून घेऊ का?

तुमची गाडी २०११ ची, तापमानाचं बटण एकच, सिग्नलला उभं राहिलं की त्रास वाढतो आणि गॅरेजवाला म्हणतो, "गॅस टाकून देतो." नुसता गॅस टाकून घेऊ नका. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय.

मी माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये लागोपाठ दोन उन्हाळे गॅस भरला. दोन्ही वेळा दिवाळीनंतर पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या वर्षी स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर एसीची हवा येते त्या जाळीत खोचला. उजवीकडे ९ अंश, डावीकडे १७! एकाच बटणाच्या गाडीत एवढा फरक दिसला की पहिला संशय कमी गॅसवरच. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये द्रवरूप गॅस उकळतो आणि उकळताना हवेतली उष्णता ओढून घेतो. गॅस कमी असला की तो कॉइलच्या सुरुवातीलाच उकळून संपतो. उरलेली कॉइल कोमट राहते, आणि तिच्यातून येणारी हवाही.

गळती निघाली कंडेन्सरच्या, म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, खालच्या कोपऱ्यात. बोट फिरवलं तर काळपट, चिकट. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, ते झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. तुम्हीही पाइपांचे जोड टॉर्च मारून बघा. कंडेन्सर बदलल्यावर पाइपांतली हवा आणि ओलावा ओढून काढायला अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावला, मग गॅस काट्यावर मोजून भरला. किती ग्रॅम ते बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर असतं. "थोडा जास्तच टाकतो, साहेब" म्हणणाऱ्याकडून सरळ गाडी काढा. जास्त गॅसनेही थंडावा कमीच होतो.

सिग्नलचं दुखणं कदाचित वेगळं असेल. एसी लावून बोनेट उघडा, कंडेन्सरचा पंखा फिरतो का बघा. फिरत असला तरी कंडेन्सरवर समोरून थोडं पाणी मारा. लगेच हवा गार झाली तर पंखा मंद आहे किंवा कंडेन्सरच्या जाळ्यांत माती भरली आहे.

केबिन फिल्टर बदला, स्वस्त आहे. पण तो तुंबला तर हवेचा जोर कमी होतो, एकच बाजू गरम होत नाही. गळती, पंखा दोन्ही ठीक निघाले, तरच गरम-गार हवा मिसळणारी झडप तपासायला सांगा. तिच्यासाठी काही गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि जुनं प्लास्टिक एकदा उतरवलं की पुढे प्रत्येक खड्ड्यात वाजतं.