पिस्तूल निवडण्याआधी हात बघ

प्रिय होऊ घातलेल्या नेमबाजास,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले आणि खालचं "सर, यातलं कुठलं घेऊ?" हेही वाचलं. उत्तर आधीच देऊन टाकतो, उगाच ताटकळत ठेवत नाही. पहिल्या फोटोतलं काळं, तळहातात मावणारं ९ एमएम (म्हणजे ९ मिलिमीटर जाडीची गोळी मारणारं) सध्या विसर. दुसरं, लाकडी मुठीचं वापरलेलं एअर पिस्तूल, तपासून चांगलं निघालं तर घे. तिसरं .२२ चं, म्हणजे .२२ इंच जाडीच्या बारीक गोळीचं. ते वाईट नाही, पण त्याची पाळी नंतर. आता असं का, ते सांगतो, कारण नुसतं 'सर म्हणाले' म्हणून घेतलेल्या वस्तूवर कुणाचा जीव बसत नाही.

९ एमएमपासून सुरू करू. हत्यार म्हणून ते चांगलंच आहे. माझी तक्रार त्याच्या धक्क्याबद्दल आहे, आणि त्याहून जास्त त्या धक्क्याने नवख्या शरीराला लागणाऱ्या सवयीबद्दल. थोडा हिशोब कर. एअर पिस्तुलाचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, सेकंदाला १५० मीटरच्या आसपास सुटतो. ऊर्जा साधारण ६ ज्यूल. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, पिस्तुलातून सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास जाते. म्हणजे १०० ज्यूलच्या थोडं वर. ९ एमएमची ८ ग्रॅमची गोळी ३५० मीटरच्या वेगाने निघाली की आकडा ५०० ज्यूलच्या घरात जातो. आणि हे सगळं त्या इवल्या पिस्तुलातून. पिस्तूल जितकं हलकं, तितका धक्का हाताला जास्त. काउंटरवर उचलून पाहताना 'किती हलकं आहे!' म्हणून जे आवडतं, तेच रेंजवर नडतं.

गंमत अशी की धक्का हाताला जाणवतो तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते. नेम बिघडतो तो धक्क्याच्या धास्तीने. चार-पाच गोळ्या झाल्या की शरीर आधीच तयारीला लागतं. मूठ आवळली जाते, मनगट खाली दाबलं जातं, पापण्या मिटतात, आणि हे सगळं चाप सुटायच्या निमिषभर आधी. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या मग टार्गेटवर खाली आणि डावीकडे गोळा होऊ लागतात. बिचारा साइटचे, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणांचे, स्क्रू फिरवत बसतो. साइटचा काही दोष नसतो. याला फ्लिंच म्हणतात, आणि ती एकदा अंगात मुरली की घालवायला मूळ नेमबाजी शिकण्याहून जास्त वेळ जातो.

खात्री करायची असेल तर रेंजवर कोचला सांग, मॅगझिनमध्ये (पिस्तुलात सरकवायच्या काडतुसांच्या पेटीत) खऱ्या काडतुसांत एखादं डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस मिसळून द्यायला, कितवं ते तुला न सांगता. डमीवर चाप ओढला गेला की आवाज होत नाही, धक्का बसत नाही, आणि तरीही पिस्तुलाचं तोंड खाली मुंडी घालतं. ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस की माझ्या पत्राची गरज उरणार नाही. 'सुरुवातच मोठ्या कॅलिबरने केली की हात तयार होतो' असं ठासून सांगणारे तुला भेटतील. हात तयार होतो खरा, पण कशासाठी, ते त्या डमी काडतुसावर दिसतं.

एअर पिस्तुलात ही भानगडच नाही. धक्का जवळजवळ नसल्यामुळे गोळी सुटताना आणि सुटल्यानंतरही साइट कुठे होती ते तुला दिसतं. शॉट कुठे गेला हे टार्गेट बघायच्या आधीच सांगता यायला लागतं. हे सांगता येणं म्हणजे निम्मी नेमबाजी.

आता लांबीचं गणित, कारण फोटो पाहताना याकडे कुणाचं लक्ष जात नाही. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. तुझा हात डुलणारच; सगळ्यांचा डुलतो. पुढची आणि मागची साइट एका रेषेत ठेवून अख्खं पिस्तूल ५ मिलिमीटर बाजूला सरकलं तर भोकही तेवढंच सरकेल, शॉट दहातच राहील किंवा काठावर जाईल. पण दोन साइटमधली रेषाच वाकडी झाली तर? एअर पिस्तुलात दोन साइटमध्ये समज ३३० मिलिमीटर अंतर आहे आणि पुढची साइट फक्त १ मिलिमीटर हलली. टार्गेटवर ती चूक ३० मिलिमीटरची होते. हेच अंतर त्या छोट्या ९ एमएमवर १५० मिलिमीटर धरलं, तर तीच १ मिलिमीटरची चूक ६७ मिलिमीटरवर जाते. हात तोच, चूक तीच, पण दंड दुपटीहून जास्त. लहान पिस्तूल नवशिक्यासाठी सोपं, हा समज इथेच मोडतो.

म्हणूनच नजर पुढच्या साइटवर ठेवायला सांगतात. तिच्या कडा लख्ख दिसू देत, टार्गेटचा काळा गोल धूसर दिसला तर दिसू दे. पहिले काही दिवस हे मनाला पटत नाही. डोळा सारखा टार्गेटकडे धावतो. लाल ठिपक्याची साइट बसवून घेण्याचा मोह होईल, तोही तूर्त टाळ. ठिपक्यामुळे हाताचा प्रत्येक थरथराट मोठा दिसतो आणि नवखा माणूस तो दहावर आला रे आला की चाप हिसकतो.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र मुठीचं. तुझा हात लहान आहे, त्यामुळे इथे तडजोड नको. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः तपासून, कोचसमोर, असं करून बघ: अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर बसव. नळीची रेषा तुझ्या मनगटाच्या आणि कोपरापर्यंतच्या हाताच्या रेषेत यायला हवी. आता तर्जनी चापावर ठेव. पहिल्या पेराचा मऊ, मधला भाग चापावर सपाट बसायला हवा आणि बोटाचा बाकीचा भाग मुठीला कुठेही चिकटायला नको. मध्ये फट दिसली पाहिजे. बोट जेमतेम टोकाने पोचत असेल तर ओढताना ते चापाला एका बाजूला ढकलणार. फार आत जात असेल तर दुसऱ्या बाजूला. मग कितीही सराव कर, शॉट सरळ सुटणार नाही.

स्पर्धेच्या एअर पिस्तुलांच्या लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत येतात आणि चापही पुढे-मागे सरकवता येतो. तरी तयार मूठ जशीच्या तशी बसेल असं समजू नकोस. जिथे रुततं तिथे कानस मारायची, जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरायची. चांगल्या नेमबाजांच्या मुठी बघ, ठिगळं लावलेल्या, खरवडलेल्या, दिसायला अगदी ओबडधोबड. खालच्या पट्टीवर हाताची कड टेकते तिथे आधार हवा, दाब नको. डोळे मिटून पिस्तूल उचल, दोन श्वास घे, डोळे उघड. साइट आपोआप रेषेत आलेल्या दिसल्या तर मूठ तुझी. दर वेळी पुढची साइट एकाच बाजूला पडलेली दिसली तर मनगटाने ओढून सरळ करत बसू नकोस. मुठीचा कोन बदल.

चापाबद्दल थोडक्यात. १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत चापाचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असावं लागतं आणि पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत. २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाला चाप किमान १००० ग्रॅमचा. याउलट बऱ्याच ९ एमएम पिस्तुलांचा चाप अडीच किलोच्या आसपास असतो आणि पिस्तूल स्वतः पाऊण किलोचंही नसतं. पिस्तुलाच्या तिपटीहून जास्त जोर एका बोटाने, पिस्तूल तसूभर न हलवता लावायचा, हे पहिल्या महिन्यात कुणाकडून अपेक्षित करणं अन्याय आहे. एअर पिस्तुलात चापाचे दोन टप्पे असतात: पहिला मोकळा, मग एक भिंत लागते, आणि भिंतीवर दाब वाढवत नेला की शॉट सुटतो. ती भिंत ओळखायला शिक. चाप किमान मर्यादेहून हलका करून घेण्याच्या फंदात पडू नकोस.

डोळ्याचीही एकदा तपासणी करून घे. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी कर आणि तिच्यातून लांबची एखादी वस्तू बघ. आता एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसत राहते, तो तुझा मुख्य डोळा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तर घाबरू नकोस, पण मूठ घेण्याआधी ठरव, कारण लाकडी मूठ उजव्या हाताची वेगळी, डाव्याची वेगळी. डाव्या हाताने शिकता येतं का, असं विचारशील तर कारोली ताकाच आठव. या हंगेरियन नेमबाजाचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ आणि १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण घेऊन आला. ही गोष्ट जिद्दीसाठी सांगतात. मी ती सांगतो ती एवढ्यासाठी की नेमबाजी हातापेक्षा नजरेत आणि बोटाच्या वळणात जास्त असते, आणि ते वळण दुसऱ्या हाताला लावता येतं.

जुनं एअर पिस्तूल घेताना रंग-रूप बघू नकोस. आधी हवेचा सिलिंडर बघ. त्यावर तारीख कोरलेली असते. साधारण २०० बारचा दाब सहन करणारी ती वस्तू आहे आणि तिला वापराची मुदत असते, बहुतेकदा १० वर्षांची. मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत धर. स्पर्धेतही मुदतबाह्य सिलिंडर चालत नाही. सिलिंडर भरून रात्रभर ठेव आणि सकाळी दाब उतरला का बघ. सुटे भाग अजून मिळतात का, हे विचार. ड्राय फायरची सोय चालते का तेही बघ, कारण तुझा निम्म्याहून जास्त सराव तसाच होणार आहे: छर्रा नाही, समोर कोरी भिंत, फक्त साइट आणि चाप. कोऱ्या भिंतीवर भोकं नसतात, त्यामुळे नजरेला पळायला जागाच नसते.

पुढे .२२ घेशील तेव्हा हाच सराव त्यावर बेधडक करू नकोस. बऱ्याच .२२ पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या खोबणीवर) पिन आपटली की चेंबरची कड चेपते, म्हणून डमी लागते. वापरलेलं .२२ घेताना ती कड बोटाने आणि उजेडात नीट तपास. आणखी एक: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नसतं. चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकतं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून धरायची, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, याच क्रमाने. क्रम उलटा झाला तर तू चेंबर रिकामं करशील आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं नवं काडतूस आत ढकलशील.

सुरक्षेचे नियम तुला पाठ आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. फक्त एवढंच सांगतो, एअर पिस्तुलालाही ते सगळे तसेच लागू. ६ ज्यूल डोळ्याला पुरेसे आहेत. पिस्तुलाचं तोंड कायम टार्गेटकडे, बोट चापाबाहेर, आणि कुणी गप्पा मारायला हाक मारली तर आधी पिस्तूल खाली, मग मान वळव.

पैसे देण्याआधी तुझ्या इथला कायदा नीट वाच. परवाना कशाला लागतो, वय किती, ने-आण कशी करायची, साठवण कशी, हे जागोजागी वेगळं असतं आणि काही ठिकाणी एअर पिस्तुलालाही कागद लागतात. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस. घरी ठेवायचं तर कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. घरात लहान मूल असेल, किंवा कुणाची मनःस्थिती ठीक नसेल, अगदी तुझी स्वतःचीसुद्धा, तर बंदूक घरी नकोच. क्लबच्या तिजोरीत राहू दे. यात लाजण्यासारखं काही नाही आणि मला कारणही सांगू नकोस.

घाई मात्र करू नकोस. विकत घेण्याआधी क्लबचं एखादं पिस्तूल महिनाभर मार. बऱ्याच जणांना तेवढ्यात कळतं की आपल्याला हा खेळ आवडतो की नुसती वस्तू आवडते. वस्तू आवडत असेल तरी हरकत नाही, पण मग एवढा खर्च कशाला?

तुझा,
सर

ता. क. एअर पिस्तूल घेतलंस तरी इयर मफ आणि डोळ्यांवरचा चष्मा त्याच दिवशी घे. शेजारच्या लेनमध्ये कुणी .२२ मारत असेल तर त्याचा आवाजही १४० डेसिबलच्या वर जातो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. बंदिस्त रेंजवर कानात घालायचे प्लग आणि मफ दोन्ही लाव. आणि छर्रे शिशाचे असतात: रेंजवर काही खायचं नाही, निघताना हात साबणाने आणि गार पाण्याने धुवायचे, छर्रे कधीही ओठांत धरायचे नाहीत. बऱ्याच जणांना ती खोड असते.