कातडी बांधणी, खान्देशचा उन्हाळा आणि कूलर

भुसावळच्या काही वाचकांचे तीन प्रश्न आहेत: ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या ऑनलाइन 'लेदर बाउंड' प्रती घ्याव्यात का, घरच्या मराठी प्रती कातड्यात बांधाव्यात का, आणि उन्हाळ्यात कातड्याला तेल लावावं का.

तेलाचं आधी. लावू नका. एरंडेल नको, खोबरेल नको, बुटाचं पॉलिश तर नकोच. तेल कागदात उतरून डाग पडतात, धूळ चिकटते. पूर्वी ग्रंथालयांतही लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं) मलम चोळायचे, ते आता बहुतेकांनी सोडलंय.

आपल्याकडे कातड्याचा खरा वैरी कूलर. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, हवा कोरडी ठाक. दुपारी कूलर लागला की खोली दमट, बंद केला की पुन्हा कोरडी. कातडं रोज आकसतं, रोज सैलावतं, आणि पुठ्ठा कण्याला मिळतो त्या सांध्यावर चीर जाते. पुठ्ठा बाहेर वाकलेला दिसला तर कातडं आकसलंय समजा. कपाट झोतात नको. लोखंडी असेल तर पश्चिमेच्या भिंतीलाही नको. धाब्याच्या घरातली मधली खोली उत्तम, फक्त वाळवीसाठी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी म्हणतात. भुसावळात हे स्वप्नच, पण आकडा दिवसभरात फार हलला नाही तरी पुष्कळ.

ऑनलाइन 'लेदर'मध्ये पूर्ण कातडं, नुसता कणा-कोपरे कातड्याचे, चुरा दाबून केलेलं बाँडेड आणि सरळ रेक्झिन, सगळं येतं. विक्रेत्याकडे पुठ्ठ्याच्या आत दुमडलेल्या कडेचा जवळून फोटो मागा. तंतू दिसले तर बहुधा कातडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. नुसत्या नावावर जाऊ नका: २००० साली बंद पडलेल्या फ्रँकलिन लायब्ररी या अमेरिकन प्रकाशन संस्थेनं पूर्ण कातड्याच्या प्रतींबरोबर नकली कातड्याच्याही काढल्या होत्या. जुन्या आवृत्तीचं स्कॅन छापून कातडं चढवलेल्या प्रतींत कडेच्या ओळी कापलेल्या असतात, घडीचे नकाशे गायब असतात. वाचायला ठीक, संग्रह म्हणून शून्य.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगड' १८७१ ची, पण आपल्याकडे प्रकाशकाची बांधणी सहसा कापडी किंवा पुठ्ठ्याची. जुन्या मराठी प्रतीवर कातडं दिसलं तर ते बहुधा मालकानं किंवा ग्रंथालयानं मागाहून चढवलेलं. त्यामुळे पहिली आवृत्ती हाती असेल तर मूळ बांधणी उचकटू नका, तिच्यासाठी पेटी करून घ्या.

बांधायला जुजबंदीची, म्हणजे दोऱ्यानं शिवलेल्या जुजांची (घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांची) प्रत निवडा. नुसत्या गोंदावर चिकटवलेली जाड प्रत दिली तर बाइंडर कणा कापून बाजूनं टाके घालतो. मग सहाशे पानांचं पुस्तक उघडतच नाही आणि आतल्या कडेची अक्षरं शिवणीत जातात. कातडं बकरीचं, झाडांच्या साली-फळांत कमावलेलं, साधारण ०.८ ते १ मिमी. जॅकेटचं क्रोम (क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं) कातडं ताणतं आणि सोनेरी ठसा नीट धरत नाही. विचारायची सोय असेल तर हिरड्यात कमावलेलं मागा. तरवडाच्या सालीचं लवकर भुकटी होतं. कडा आणि सांधा रापीनं निम्म्याहून पातळ झाला पाहिजे, बाइंडर हेच टाळतात. चिकटवायला मैद्याची खळ. फेविकॉल वापरला तर पुढे कुणालाच ती बांधणी सोडवता येत नाही. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत कसर आवरते खरी, पण मोरचूदातलं तांबं कागद कुजवतं. बांधलेली प्रत वजनाखाली निदान दोन दिवस ठेवावी, कूलर-पंख्याच्या वाऱ्यापासून दूर.

जुन्या प्रतीला हात लावल्यावर बोटं लालसर होत असतील तर तो लाल कुजवा, म्हणजे कातड्याची लाल भुकटी होणं. त्यावर क्लुसेल जी (सेल्युलोजपासून केलेली पूड), १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ ते २ ग्रॅम, मऊ ब्रशनं पातळ हात. आधी कोपऱ्यावर करून बघा, रंग गडद होतो. भुकटी थांबते, गेलेली ताकद परत येत नाही.