उसन्या पैशांच्या बदल्यात बंदूक घ्यावी का?

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यात शेती करतो. दोन वर्षं आठ महिन्यांपूर्वी मित्राला 90 हजार रुपये हातउसने दिले. व्याज ठरलं नव्हतं, चिठ्ठी केली नाही. पैसे बँकेतून पाठवले होते. आता तो म्हणतो, पैसे नाहीत, वडिलांची शिकारीची रायफल घे आणि हिशेब मिटव. वडील दीड वर्षापूर्वी वारले, परवाना त्यांच्याच नावावर होता. 315 बोरची रायफल घरातच आहे. त्याची एक बहीण पुण्याला असते. माझ्याकडे परवाना नाही, पण उसात डुकरं शिरतात, म्हणून घ्यावीशी वाटते. परवाना मागाहून काढला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. मित्रानं म्हैस देऊ केली असती तर मी म्हटलं असतं, दूध काढून बघा आणि दावं धरून घरी आणा. पैशांऐवजी वस्तू घेऊन कर्ज फिटलं असं मानायला करार कायद्याच्या कलम 63 ची हरकत नाही. बंदुकीचं तसं नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 3 प्रमाणे आधी परवाना, मग हत्यार.

‘विकत घेत नाही, पैसे फिटेपर्यंत तारण म्हणून माळ्यावर ठेवतो’ ही पळवाट बऱ्याच जणांना सुचते. पण या कायद्यात हस्तांतरण म्हणजे फक्त विक्री नव्हे. भाड्यानं देणं, उसनं देणं, नुसता ताबा सोडणंसुद्धा त्यात येतं. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 वर्षं, कमाल 5 वर्षं आणि वर दंड. खास कारणं नोंदवून कोर्ट किमान शिक्षा कमी करू शकतं, पण तेवढ्या आशेवर रायफल घरात घेऊ नका. जोडीला काडतुसं देत असेल तर तीही नकोत.

दुसरी अडचण तुमच्या मित्राला दिसलेलीच नाही. परवाना जमिनीसारखा वारसाला लागत नाही, तो माणसाबरोबर संपतो. वडील गेल्यावर कलम 21 प्रमाणे रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा व्हायला हवी होती. दीड वर्ष ती घरात आहे, म्हणजे आज ती त्याच्याकडेच बेकायदा आहे. शिवाय वडिलांच्या मालमत्तेत पुण्याच्या बहिणीचाही वाटा, त्यामुळे परस्पर देऊन टाकायला ती एकट्याची नाही.

डुकरांचं म्हणाल तर परवाना असला म्हणून रानडुक्कर मारता येत नाही. वन खात्याची परवानगी वेगळी लागते. तुमचं गाव राधानगरी अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत असेल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे नवा शस्त्रपरवानाच मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. तेव्हा ‘मागाहून काढू’ हे तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही.

तरीही त्या रायफलीतून तुमचे पैसे निघू शकतात, तिला हात न लावता. मित्रानं आधी स्वतःचा वकील गाठावा, दीड वर्षाचा उशीर झालाय म्हणून, आणि रायफल रीतसर जमा करून पावती घ्यावी. जमा केलेलं हत्यार परवाना असलेल्या माणसाला विकून रक्कम घेण्याचा हक्क वारसांना कलम 21 नंच दिला आहे. मात्र ठरावीक मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होतं. बहिणीची लेखी संमती घेऊन त्यानं ती विकावी आणि आपल्या वाट्यातून तुम्हाला पैसे द्यावेत, तेही बँकेतून. वारस म्हणून स्वतःच्या नावावर परवाना मागण्याचा मार्ग त्याला 2016 च्या शस्त्र नियमांत आहे, पण त्यानं तुमचे पैसे सुटत नाहीत. आणि एक, रायफल ठाण्यात न्यायला तुमची गाडी देऊ नका.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. हातउसन्या पैशांसाठी दावा लावायची मुदत पैसे दिल्यापासून 3 वर्षं. तुमच्या हातात चारच महिने उरलेत, आणि बंदुकीचा हा घोळ त्याहून लांबू शकतो. म्हणून याच आठवड्यात त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या : ‘अमुक तारखेला बँकेतून घेतलेले 90 हजार रुपये मी देणे लागतो’, खाली सही आणि आजची तारीख. मुदत संपायच्या आत अशी सही झाली की त्या दिवसापासून नवी 3 वर्षं मोजली जातात. त्या कागदावर रायफलीचा उल्लेख नको. सही द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर चौथा महिना उजाडायची वाट न बघता वकिलाकडून नोटीस पाठवा, आणि नोटिशीनं मुदत थांबत नाही हे ध्यानात ठेवून दाव्याचे कागद तयार ठेवा.