ब्रेक दाबला की गाडी थरथरते: दुरुस्ती करावी की गाडीच बदलावी?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. गाडी नऊ वर्षांची, नव्वद हजार किलोमीटर चाललेली. वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थडथडतं. गॅरेजने चारही डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या), त्यांना घासून थांबवणारे पॅड, पॅड दाबणारे कॅलिपर आणि चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोअर आर्म असं भलंमोठं इस्टिमेट दिलंय. गाडीच्या आजच्या किमतीचा तो पाव हिस्सा होतो, म्हणून घरात सगळे म्हणतायत की जुन्या गाडीत एवढा पैसा कशाला ओतायचा. मुदत ठेव मोडून डाउन पेमेंट करू, बाकीचं सात वर्षांचं कर्ज काढू. माझं मत आधीच सांगते. ठेव मोडू नका. आणि ब्रेकचं काम मात्र याच आठवड्यात करून घ्या.

इस्टिमेट म्हणजे निदान नव्हे. तुम्हीच लिहिलंय की मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि चाक न काढता यादी लिहून दिली. त्या यादीला धरून सात वर्षांचा निर्णय घेणं मला पटत नाही. उलट तुमच्या पत्रातली एक ओळ फार कामाची आहे: थरथर स्टिअरिंगमध्ये येते, सीटमध्ये जाणवत नाही, आणि ब्रेकवरचा पाय काढला की थांबते. म्हणजे संशय पुढच्या डिस्कवर. दोष मागच्या ब्रेकमध्ये असता तर हादरा सीटखालून आला असता. ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला स्टिअरिंग हललं असतं, तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर बघायला सांगितले असते. मग मागच्या दोन डिस्क यादीत का आहेत, हे गॅरेजला विचारायलाच हवं.

डिस्क 'वाकली' असं सर्रास म्हटलं जातं. बऱ्याचदा ती वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा थर तिच्यावर कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो. दोन शतांश मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवायला पुरतो. आपला केस याच्या तीन-चार पट जाड असतो! म्हणून नुसतं डोळ्यांनी बघून कुणी 'डिस्क गेली' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. चाक काढून, डिस्क नटांनी घट्ट आवळून, तिला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावून हाताने एक फेरी फिरवायची. काटा किती हलतो, म्हणजे डिस्क फिरताना किती डुलते, ते स्वतः उभं राहून बघा. बहुतेक गाड्यांत 0.05 ते 0.1 मिलिमीटरच्या पुढे गेला तर दोष धरतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मग डिस्कची जाडी मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजायची. किमान किती जाडी चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं.

डिस्क काढली की हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, पृष्ठभाग नक्की बघा. तिथे गंजाचा पापुद्रा असेल तर नवीकोरी डिस्कसुद्धा तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरांत थरथर परत येते. माझ्या गाडीत हेच झालं होतं. डिस्क बदलल्या, पैसे दिले, चार महिन्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या मेकॅनिकने हब तारेच्या ब्रशने घासून साफ केला, चाकाचे नट एअर गनने न ठोकता टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या) समोरासमोरच्या क्रमाने आवळले, आणि दुखणं मिटलं. पहिल्या खर्चाची मला आजही हळहळ वाटते, कारण तो टाळता आला असता.

कॅलिपर बदलण्याआधी त्याच्या सरकत्या पिना मोकळ्या हलतात का ते तपासायला सांगा. अनेकदा सफाई आणि योग्य ग्रीस एवढ्यावर काम भागतं. लोअर आर्मच्या बुशमध्ये (रबरी सांध्यात) खेळ, म्हणजे सैलपणा असेल तर थरथर वाढून जाणवते, पण गाडी उचलून, पहार लावून तो खेळ तुम्हाला दाखवायला हवा. डिस्क आणि पॅड मात्र एका एक्सलवर, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चाकांवर, जोडीनेच बदला, तिथे काटकसर नको.

आता पैशाचं. दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची बाजारातली किंमत यांची तुलना घरात चाललीय, आणि तिथेच गणित चुकतंय. गाडी विकायची असेल तर तिची किंमत महत्त्वाची. चालवायची असेल तर एवढंच बघायचं की या खर्चात ती अजून किती महिने चालेल आणि तेवढ्या महिन्यांचा नव्या गाडीचा हप्ता किती होईल. तुमच्याच आकड्यांनी पूर्ण इस्टिमेट साडेतीन हप्त्यांइतकं आहे. कर्जाचे हप्ते 84. म्हणजे सगळं काम केलं आणि गाडी फक्त सहा महिने चालली, तरी तुम्ही फायद्यात. काम पुढच्या डिस्क-पॅडपुरतं निघालं तर प्रश्नच मिटला. त्यात नव्या गाडीचा वाढीव विमा आणि पहिल्याच वर्षी होणारी मोठी घट मी धरलेलीच नाही. झिजेचा खर्च विमा देत नाही, त्यामुळे दाव्याची आशा ठेवू नका.

आहे तशी विकावी असंही मनात असेल. घेणारा पहिल्याच ब्रेकला थरथर ओळखेल, आणि कारण त्यालाही माहीत नसल्याने सगळ्यात वाईट शक्यता धरून भाव पाडेल. विकायची तरी दुरुस्त करूनच विका.

खर्च आपत्कालीन निधीतून करा. तो अशाच वेळेसाठी साठवलाय, आणि ब्रेकइतकी निकड दुसऱ्या कशाची असणार? नंतर दरमहा हप्त्याच्या निम्मी रक्कम आवर्ती ठेवीत टाका. आधी निधी भरून निघेल, मग तीच पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट होईल. चेसिस गंजली असेल किंवा इंजिन ऑइल पीत असेल तर माझं मत बदलेल, पण पत्रात तसं काही नाही.

काम होईपर्यंत वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा. पेडल खोल जायला लागलं किंवा ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढू लागली तर ती चालवत नेऊ नका, टो करूनच न्या. मोजमापं हातात आली की मला कळवा, नव्या इस्टिमेटची एकेक ओळ आपण मिळून बघू.