सगळ्यांनी मिळून म्हणता येतील अशी हसती-खेळती जपानी बालगीतं कोणती?

तुमची लेक आता जपानी पाळणाघरात (होइकुएनमध्ये) जाते. रविवारी चार-पाच घरं जमतात, त्यात एखादं जपानी कुटुंबही असतं. मोठ्यांना भाषा जेमतेम येते. अशा वेळी मिळून काय म्हणावं, हा तुमचा प्रश्न. आमची दोन्ही पोरं इथल्याच होइकुएनमधून बाहेर पडली, त्यामुळे ही गाणी घरात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. त्या बळावर सांगते.

आधी एक सांगून ठेवते. 'दोयो' म्हणजे बालगीतं असं शोधलंत आणि पहिली यादी मिळाली, तर ती सरसकट लावू नका. १९१८ साली 'आकाई तोरी' हे मुलांचं मासिक निघालं आणि मोठमोठे कवी मुलांसाठी लिहायला लागले. त्या काळातली गाणी सुंदर आहेत, पण त्यातली बरीच रडवी. 'आकातोम्बो'ची चाल इतकी गोड, आणि आत काय? तर सांभाळणारी ताई पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली, नि पुढे गावाकडची खबरबातही येईनाशी झाली. १९२१ चं 'दोन्गुरी कोरोकोरो' त्या मानाने मजेशीर. ओकचं फळ घरंगळत तळ्यात पडतं आणि मासा त्याला खेळायला बोलावतो. पण दुसऱ्या कडव्यात तेही डोंगराच्या आठवणीने रडायला लागतं. आम्ही पहिलंच कडवं म्हणतो.

माझा निकष सोपा आहे: ज्या गाण्यात सगळ्यांना काहीतरी काम आहे, ते घ्यायचं.

सुरुवात 'कायेरु नो उता'ने करा, म्हणजे बेडकांचं गाणं. चाल मूळची जर्मन आहे. घरात पेटी असेल तर सगळे शुद्ध स्वर: सा रे ग म ग रे सा, मग ग म प ध प म ग, मग थांबत थांबत चार वेळा सा, आणि शेवटी सासा रेरे गग मम ग रे सा. झालं गाणं! शब्दही तेवढेच. बेडकांचं गाणं ऐकू येतंय, आणि पुढे नुसतं ग्वा ग्वा, गेरोगेरो. खरी गंमत पाळीपाळीने म्हणण्यात आहे. दोन गट करा. पहिला गट पहिली ओळ संपवून दुसरीवर गेला की दुसऱ्या गटाने पहिलीपासून सुरू करायचं. 'ग्वा ग्वा'पर्यंत पोचेपर्यंत दुसऱ्यांची ओळ कानात शिरते आणि हमखास कोणीतरी घसरतं, बहुधा बाबालोकच. मुलं कानावर हात ठेवून नेटाने म्हणत राहतात. मोठ्यांना एका ओळीपलीकडे जपानी येत नसलं तरी चालतं.

हाकेला ओ देण्याची दोन गाणी आहेत. 'आइआइ'मध्ये एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी तेच परत. आइआइ म्हणजे मादागास्करचा लांब शेपटीचा लेमूर, गाण्यात त्याला माकड म्हटलंय. तिथे त्याला अपशकुनी समजतात, पण जपानी पोरांचा तो लाडका. दुसरं 'मोरी नो कुमासान'. रानात मुलीला अस्वल भेटतं, 'पळ बाई' म्हणतं आणि वर स्वतःच मागून धावत येतं, कारण तिचं कानातलं पडलेलं असतं. या अस्वलाच्या डोक्यात नेमकं काय चाललंय हे मला अजून कळलेलं नाही, पण नाट्य करायला हे गाणं झकास.

'शिआवासे नारा ते ओ ताताको'ची चाल तुमच्याकडच्या इंग्रजी माध्यमातल्या पोरांना आधीच येत असणार: आनंदी असाल तर टाळ्या वाजवा. त्याचे जपानी शब्द किमुरा रिहितो यांचे. १९५९ साली ते फिलिपिन्सला श्रमशिबिराला गेले होते. युद्धाच्या आठवणी ताज्या होत्या, जपान्यांबद्दल राग होता. तिथल्या मुलांच्या तोंडून ऐकलेल्या चालीवर त्यांनी हे शब्द लिहिले. १९६४ मध्ये साकामोतो क्यू यांनी गायलं आणि देशभर झालं.

'झोऊसान' मात्र सोडू नका. हत्तीच्या पिल्लाला कोणी म्हणतं, तुझं नाक लांब आहे. ते म्हणतं, हो, माझ्या आईचंही लांबच आहे! कवी मादो मिचिओ सांगत, पिल्लाला चिडवलं जातंय, तरी ते खूश आहे, कारण ते हत्ती आहे. चाल तीन-तीन मात्रांची, दादऱ्यासारखी डुलत जाते, त्यामुळे आजी-आजोबांनाही लगेच जमते. जपानी पाहुण्यांना एक गोष्टही सांगता येईल. दुसऱ्या महायुद्धात तोक्योतल्या उएनोच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी ठेवून मारले होते. तोक्योच्या मुलांनी हत्ती मागितला, तेव्हा १९४९ साली नेहरूंनी हत्तीण पाठवली आणि तिला आपल्या लेकीचं, इंदिराचं नाव दिलं. त्यानंतर काही वर्षांतच हे गाणं आलं.

बागेत चालताना 'साम्पो', म्हणजे १९८८ च्या 'तोतोरो' या कार्टूनपटातलं गाणं. ते तुमच्या लेकीला एव्हाना येतच असेल, तिलाच पुढे चालू द्या.

निघायच्या वेळी 'गेन्कोत्सुयामा नो तानुकीसान'. मुठीवर मूठ आपटायची, मग दूध पिणं, झोपणं, कडेवर घेणं, पाठीवर घेणं असे हातवारे, आणि शेवटच्या 'माता आश्ता'ला, म्हणजे 'उद्या भेटू'ला, दगड-कागद-कात्री. हरलेला पुन्हा एकदा म्हणून हट्ट धरतो, त्यामुळे शेवटच्या ट्रेनच्या बऱ्याच आधी सुरू करा.