अम्मानला अरबी शिकायला जाताय? पहिल्या दिवसाचं नियोजन

तुम्ही विचारलंय की शनिवारी दुपारी अम्मानला उतरून रविवारी सकाळी वर्गाला गेलं तर चालेल का. चालेल, पण माझ्या मते गुरुवारी उतरा. जॉर्डनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. शुक्रवारी जुम्म्याची नमाज होईपर्यंत बरीचशी दुकानं बंद असतात. गुरुवारी आलात तर सिमकार्ड, पाणी, खोलीतल्या दुरुस्त्या हे सगळं त्याच दिवशी उरकतं.

विमानतळ शहराच्या दक्षिणेला साधारण 35 किलोमीटरवर आहे. तिथे फक्त पहिल्या दोन दिवसांपुरते पैसे बदला. दिनारचा दर 1995 पासून डॉलरला बांधलेला आहे (1 डॉलर म्हणजे सुमारे 0.71 दिनार), त्यामुळे दर वाढेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. मात्र 50 च्या नोटा घेऊ नका, 1 आणि 5 च्या मागा. टॅक्सीवाल्याकडे सुटे नसतात आणि वाद तिथेच होतो. 1 दिनारचे 100 किर्श किंवा 1000 फिल्स होतात. मीटरवर आकडा फिल्समध्ये येतो, म्हणजे 1850 दिसलं तर ते 1 दिनार 85 किर्श. बोलताना लोक दिनारला ‘लेरा’, 5 किर्शला ‘शिलिन’ आणि 10 किर्शला ‘बरीझे’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात हे सापडत नाही, आणि भाजीवाल्यासमोर नेमकं हेच लागतं.

सिमकार्ड झेन, ऑरेंज किंवा उम्निया यांपैकी कुणाचंही घ्या, पासपोर्ट दाखवावा लागतो. ते सुरू झाल्याशिवाय टर्मिनल सोडू नका. अम्मानमध्ये पत्ता घरक्रमांकावर कमी आणि खुणेवर जास्त चालतो: अमक्या दुव्वारजवळ (चौकातलं वर्तुळ), तमक्या मशिदीसमोर. घरमालकाकडून नकाशावरची खूण आणि जवळची ठळक जागा आधीच मागून ठेवा. जॉर्डन विद्यापीठाच्या परिसरात, जुबैहात राहणार असाल तर विद्यापीठाचं मुख्य फाटक सगळ्या चालकांना ठाऊक असतं. दोन मोठ्या बॅगा असतील तर बसच्या नादी न लागता टॅक्सी करा.

खोलीत शिरल्यावर सामान उघडण्याआधी पाण्याची चौकशी करा. याच गोष्टीवर नवे लोक सर्वात जास्त अडतात. जॉर्डन हा जगातल्या सर्वात कमी पाणी असलेल्या देशांपैकी एक. नळाचं पाणी रोज येत नाही, बहुतेक भागांत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतं आणि गच्चीवरच्या टाकीत साठवलं जातं. टाकी किती घनमीटरची, ती फक्त तुमची की शेजाऱ्यांबरोबर सामायिक, आणि पाण्याचा वार कोणता, हे तीन प्रश्न विचाराच. टाकी संपली तर विकतचा टँकर मागवावा लागतो. पिण्यासाठी कोपऱ्यावरच्या पाण्याच्या दुकानातून सुमारे 19 लिटरचा जार आणा. गरम पाण्याचं बटण अंघोळीच्या अर्धा तास आधी लावावं लागतं. नोव्हेंबर ते मार्च तिथे चांगलीच थंडी पडते, म्हणून खोली गरम कशी होते तेही विचारा. भाड्याचा लेखी करार (अक्द ईजार) जरूर घ्या, पुढे मुक्काम वाढवताना तो लागतो.

शाकाहारी असाल तरी काळजी नको. हुम्मुस (वाटलेले हरभरे), फूल (बाकल्याच्या दाण्यांचा पदार्थ), फलाफिल (डाळीच्या वड्यासारखा पदार्थ), मसुराचं सूप कुठेही मिळतं. रोटी, म्हणजे खुब्झ, बेकरीत किलोवर विकतात.

संध्याकाळी उजेडात एकदा वर्गापर्यंत चालून या. अम्मान टेकड्यांवर वसलंय. नकाशावर 600 मीटर दिसणारी वाट प्रत्यक्षात शंभर पायऱ्यांची असू शकते. शहर बसमध्ये रोख चालत नाही, कार्ड लागतं.

आता भाषा. वर्गात फुस्हा (प्रमाण अरबी), रस्त्यावर अम्मिय्या (बोलीभाषा). फुस्हात दुकानदाराशी बोललात तर तो समजून घेईल, पण उत्तर बोलीत देईल आणि तुम्ही गोंधळाल. म्हणून पहिल्या दिवसासाठी एवढं तोंडी असू द्या: ‘बिद्दी’ (मला हवंय), ‘वेन’ (कुठे), ‘अद्देश’ (केवढ्याला), ‘होन, लॉ समहत’ (इथेच थांबवा). काम करणाऱ्याला ‘यअतीक इल-आफ्ये’ म्हणा, चेहरा खुलतो. ‘अद्देश’ काहीजण ‘गद्देश’ म्हणतील, दोन्ही एकच.

पातळी ठरवणाऱ्या चाचणीत लेखी भाग आणि तोंडी मुलाखत असते. आदल्या रात्री घोकंपट्टी करून वरच्या वर्गात शिरू नका. तिथे पहिल्या आठवड्यातच दमछाक होते, कारण व्याकरणाचा पाया गृहीत धरलेला असतो. लिपी मात्र भारतातूनच शिकून जा, नाहीतर पहिले दोन आठवडे अक्षरांतच जातील.

आणि वहीत अरबी शब्द देवनागरीत लिहिण्याची सवय पहिल्याच तासाला मोडा. अरबीतले दोन वेगवेगळे ‘ह’, दोन ‘स’, दोन ‘त’ देवनागरीत एकसारखेच उतरतात, आणि एकदा चुकीचं बसलेलं स्पेलिंग काढणं फार जड जातं. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाकडे आपण फारसं लक्ष देत नाही. अरबीत स्वर लांबला की अर्थच बदलतो: ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिलं, ‘कातब’ म्हणजे त्याने पत्रव्यवहार केला. द्वित्त मात्र आपल्याला सोपं जातं, ‘पत्ता’ म्हणणाऱ्या तोंडाला शद्द (अरबीतलं द्वित्त) वेगळा शिकवावा लागत नाही.