जुन्या डोंगरवाटांवरील कॅम्पांची मूळ कागदपत्रे कशी शोधावीत?

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यातील लाँग ट्रेल आणि मेन राज्यापर्यंत जाणारी ॲपलाचियन ट्रेल या लांब पायवाटांवरील जुन्या कॅम्पांची मूळ कागदपत्रे कुठे मिळतील, असे आपण विचारले आहे. कॅम्पच्या किंवा वाटेच्या नावाने शोध घेतला की काहीच हाती लागत नाही, ही आपली अडचण आहे. मी या दोन्ही वाटांच्या दप्तरांत बरीच वर्षे घालवली आहेत आणि सुरुवातीला मीही नेमकी इथेच अडले होते. अभिलेखागारातील कागद विषयवार लावलेले नसतात. ज्या व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून ते निर्माण झाले, तिच्या नावाखाली आणि शक्यतो तिच्याच मूळ क्रमाने ते ठेवलेले असतात. त्यामुळे कॅम्प कुठे होता हे विचारण्याआधी त्याचा खर्च कोणी केला, जमीन कोणाची होती आणि छप्पर गळू लागले तेव्हा पत्र कोणाला गेले, हे विचारावे लागते.

लाँग ट्रेलच्या बाबतीत हे तुलनेने सोपे आहे. जेम्स टेलर यांच्या पुढाकाराने १९१० साली ग्रीन माउंटन क्लब स्थापन झाला आणि १९३० साली वाट पूर्ण झाली. त्यामुळे क्लबची इतिवृत्ते, त्याच्या स्थानिक शाखांचे अहवाल आणि जमाखर्च हाच तेथील मुख्य आधार आहे. ॲपलाचियन ट्रेलची कल्पना बेंटन मॅकाय यांनी ऑक्टोबर १९२१ मध्ये एका वास्तुविषयक नियतकालिकात मांडली. त्यांच्या कुटुंबाची कागदपत्रे डार्टमथ महाविद्यालयाच्या विशेष संग्रहात आहेत. ही वाट १९३७ साली जोडली जाईपर्यंत ज्यांनी सर्वाधिक राबून काम केले, त्या मायरन एव्हरी यांनी जमवलेली मेनच्या जंगलांविषयीची सामग्री मेन राज्य ग्रंथालयात आहे. १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या मंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी अनेक निवारे आणि वाटा बांधल्या; ते काम सरकारी असल्यामुळे त्याचे कागद क्लबच्या दप्तरात शोधू नयेत. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, रेकॉर्ड ग्रुप ३५ (म्हणजे एका खात्याच्या कागदांचा क्रमांकित गट) मध्ये आहेत. वनखात्याचा गट ९५ आणि राष्ट्रीय उद्यान सेवेचा ७९, हे दोन क्रमांकही टिपून ठेवावेत.

यापुढे ‘कॅम्प’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक नवख्या अभ्यासकांची दिशा इथेच चुकते. आपण कॅम्प म्हटले की तंबू डोळ्यांसमोर आणतो. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ही राज्ये असलेल्या ईशान्य भागाच्या, बोलीत मात्र कॅम्प म्हणजे पुष्कळदा लाकडी खोपी, मग ती शिकाऱ्याची असो, तळ्याकाठच्या कुटुंबाची असो किंवा वाटसरूंसाठी बांधलेली असो. मेनमध्ये तर ‘स्पोर्टिंग कॅम्प’ हा मासेमारी आणि शिकारीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या व जेवण देणारा व्यवसाय होता. ॲपलाचियन ट्रेलची तेथील पहिली आखणी जाणीवपूर्वक अशा कॅम्पांना जोडत केलेली होती, म्हणजे चालणाऱ्याला रात्री छप्पर मिळावे. केटाडिन पर्वताच्या पायथ्याशी डेसी पाँडवर असलेले यॉर्क कुटुंबाचे कॅम्प हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कोअरचा कॅम्प म्हणजे सुमारे दोनशे तरुणांची वसाहतच, आणि मॅकाय यांच्या १९२१ च्या लेखातील कॅम्प हा तर सामाजिक पुनर्रचनेच्या योजनेचा भाग होता. एकच शब्द या चार अर्थांनी येत असल्यामुळे कागद हाती येताच तो कोणी लिहिला आहे हे मी आधी पाहते, आणि मगच त्यातल्या कॅम्पचा अर्थ लावते. पाहुण्यांच्या व्यवसायाचे पुरावे जाहिरातींत आणि मालकांच्या पत्रव्यवहारात मिळतात, तर क्लबच्या खोपीचे पुरावे सामानाच्या याद्यांत.

जमिनीचे कागद हा वेगळाच मार्ग आहे आणि त्याकडे फार थोडे लोक वळतात. व्हरमाँटमध्ये खरेदीखते प्रत्येक गावाच्या कारकुनाकडे नोंदलेली असतात. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये आणि मेनमध्ये ती काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नोंदणी कार्यालयात असतात. हा फरक ठाऊक नसेल तर चुकीच्या दारात दिवस वाया जातो.

काळाच्या दृष्टीने १९३८ च्या अखेरची आणि १९३९ ची इतिवृत्ते अवश्य वाचावीत. २१ सप्टेंबर १९३८ रोजी आलेल्या चक्रीवादळाने न्यू इंग्लंडमध्ये अतोनात झाडे उन्मळून पाडली, आणि कोठे वाट मोकळी केली, कोठे वळवली, याची चर्चा त्या बैठकांत सापडते.

नकाशे मात्र सावधपणे वापरावेत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे जुने नकाशे संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. १:६२,५०० प्रमाणाच्या नकाशावर पायवाट तुटक रेषेने आणि इमारत बारीक काळ्या चौकोनाने दाखवलेली असते. कोपऱ्यात सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष वेगवेगळे दिलेले असते, आणि त्या दोहोंत कधीकधी कितीतरी वर्षांचे अंतर असते. नकाशा नवा वाटला तरी त्यातली खोपी मोडून पडलेली असू शकते. शिवाय नवा निवारा दुसऱ्या जागी बांधूनही जुनेच नाव पुढे चालवण्याची पद्धत होती, म्हणून मार्गदर्शिकेच्या लागोपाठच्या आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून मैलांचे आकडे ताडून पाहावेत. एव्हरी सायकलच्या चाकापासून बनवलेले मापनचाक ढकलत वाट मोजत असत. अशा मोजणीवर आधारलेल्या आकड्यांत अचानक पडलेला फरक ही छपाईची चूक समजू नये, बहुधा तिथे काहीतरी हललेले असते.

मला एका खोपीबाबत असाच फरक आढळला होता. नकाशावरचा चौकोन ओढ्याच्या पूर्वेला, पण नव्या आवृत्तीतील अंतर त्याच्याशी जुळेना. शेवटी क्लबच्या जमाखर्चाच्या पेटीत डांबरी कागद, खिळे आणि दोन बिजागऱ्यांची पावती मिळाली, आणि तिच्या पाठीवर कोणीतरी शिसपेन्सिलीने ओढा, दोन मोठे खडक आणि पश्चिम काठावर एक चौकोन काढलेला होता. सूचीत त्या फोल्डरचे नाव नुसते ‘किरकोळ खर्च’ असे होते. पेटी आणि फोल्डरचे क्रमांक लिहून घेऊन मी पुढच्या उन्हाळ्यात तिथे गेले. दोन्ही खडक सापडले, आणि त्यांच्यामागे नेच्यांनी झाकलेली चार कोपऱ्यांची दगडी बैठक व गंजलेल्या चुलीचे झाकण होते. झाकण मी उचलले नाही. छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश घेऊन ते अभिलेखागाराला त्या पावतीच्या क्रमांकासह पाठवले, आणि आता ती नोंद त्याच फोल्डरमध्ये आहे.